हौद्याच्या काठावरचा रुस्तुम

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली, की आमच्या नांदेड जिल्ह्यातले सारे रस्ते माळेगावाकडे वळतात. लोहा तालुक्यातले हे गाव एरवी कुणाच्या खिजगणतीत नसते. पण खंडोबाच्या यात्रेत तिथे घोडे, उंट, गाढवे, तमाशाचे फड आणि वाघ्या-मुरळ्या यांची अशी दाटी होते, की चुकलेले पोर संध्याकाळपर्यंत सापडायचे नाही. मी सहा वर्षांचा असताना नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यावर बसून तिथल्या कुस्त्या पहिल्यांदा पाहिल्या. हलगी कडाडत होती. कुणीतरी कुणाला तरी आसमान दाखवले, आणि लोक जिंकलेल्या गड्याला उचलून घेण्यासाठी धावले. फेटे उडाले, नोटा उडाल्या.

माझे लक्ष मात्र दुसरीकडेच गेले. हौद्याच्या काठावर बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकीत उठला, हरलेल्या पोराजवळ गेला आणि आपल्या उपरण्याने त्याच्या पाठीवरची माती झाडू लागला. झाडता झाडता तो त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता, आणि पोरगा रडत रडत मान हलवीत होता.

"काय बघायलास रे तिकडं?" नाना म्हणाले.

"नाना, तो कोण?"

"तो वस्ताद. जिंकल्याकडं गाव पळायलंय बघ. त्याला हिकडं यावं लागतंय."

त्या म्हाताऱ्याचे नाव मला कधीच कळले नाही. पण पुढे वर्तमानपत्रात 'वस्ताद', 'प्रशिक्षक', 'कोच' असे शब्द दिसले, की डोळ्यांसमोर ते उपरणे येते. या दिवाळीला ज्या माणसाची गोष्ट वाचकांना सांगायची आहे, तोही असाच काठावरचा माणूस. फरक एवढाच, की काठावर बसण्यापूर्वी तो स्वतः जिंकणारा गडी होता, आणि असा तसा नव्हे, रुस्तुम-ए-हिंद होता! त्याचे नाव हरिश्चंद्र बिराजदार. कुस्तीच्या जगात सारे त्यांना 'मामा' म्हणत. आपणही तसेच म्हणू या.

मामांचा जन्म ५ जून १९५० चा. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. आज हा तालुका लातूर जिल्ह्यात आहे. पण मामा जन्मले तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता, तो झाला १९८२ साली. तेव्हाचा निलंगा म्हणजे हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचा एक कोपरा. निजामाची सत्ता जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली, तेव्हा हा मुलूख आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात आला. म्हणजे मामा सहा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या गावाचा जिल्हा आणि राज्य दोन्ही बदलून गेली होती. बदलली नाही ती गावाची माती. चार खांबांवर पत्रे टाकलेली तालीम, भिंतीला शेंदूर फासलेला मारुती आणि खाली खणलेली माती : एवढ्या भांडवलावर मराठवाड्यातल्या खेड्यांत पैलवानकी चाले.

पण त्या भांडवलावर मोठा मल्ल होणे अवघड. त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागे. शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमची जुनी क्रीडागारे पाहिली आणि त्या धर्तीवर १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे केले. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक होतकरू पैलवानाच्या स्वप्नात ते मैदान येत आले आहे. त्या काळी लातूरहून मिरजेपर्यंत बार्शी लाइटची चिमुकली गाडी धावे. धावे म्हणायचे ते आदराने. चढावर उतरून लघुशंका करून पुन्हा डबा गाठता येई, अशी तिची ख्याती होती! मराठवाड्यातला पोरगा वळकटी आणि तुपाचा डबा घेऊन अशा प्रवासाने कोल्हापूरला उतरला, की एखाद्या तालमीच्या दारात उभा राही. तिथे त्याला कुणी ओळखत नसे, त्याच्या बोलीला पोरे हसत, आणि पहिले काही महिने त्याच्या वाट्याला येई ते फक्त माती उकरण्याचे फावडे. मामांना कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीने आपले म्हटले.

पुढचे यश मात्र आगगाडीच्या नव्हे, विमानाच्या वेगाने आले. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली ती नेमकी लातूरला. मराठवाड्याच्या मातीत, मराठवाड्याच्या माणसांपुढे, एकोणीस वर्षांच्या हरिश्चंद्राने तो मान मिळवला. दुसऱ्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांत भारताला एकूण पाच सुवर्णपदके मिळाली आणि ती पाचही कुस्तीची होती. त्यांतले एक निलंगा तालुक्यातल्या या विशीच्या पोराने आणले!

आणि मग बेळगाव.

आजही जुन्या जाणत्या शौकिनांत बसलात आणि नुसते 'बेळगाव' म्हणालात, तर समोरचा आपसूक 'बिराजदार-सतपाल' म्हणेल. सतपाल हा दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठ्या. धिप्पाड, तरणाबांड, उत्तरेत 'महाबली' म्हणून गाजलेला. १९७७ साली ही कुस्ती ठरली तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. मामा सत्ताविशीत होते, म्हणजे पैलवानाच्या हिशेबाने भर दुपार उलटू लागलेली. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभाग त्या मैदानावर लोटला. बिराजदारांनी सतपालला हरवले. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसे आपण स्वतः तिथे हजर होतो असे शपथेवर सांगतात. त्या सर्वांवर विश्वास ठेवायचा, तर मैदानात बेळगाव जिल्ह्याची सगळी लोकसंख्या बसवावी लागेल. पण असे खोटे बोलावेसे वाटणे हीच त्या कुस्तीची थोरवी. ते दोघे पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा भेटणार आहेत, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पैलवानाचे आयुष्य गमतीचे असते. वकील, डॉक्टर, मास्तर पस्तिशीत कुठे रांगेला लागतात; पैलवान त्या वयात 'माजी' होतो. मग तो काय करतो? कुणी गावी जाऊन शेती पाहतो, कुणी पोलिसांत किंवा साखर कारखान्यात चिकटतो, कुणी निवडणूक लढवतो. कुणी नुसता सत्काराच्या फेट्यांवर दिवस काढतो, आणि फेटे कमी होऊ लागले की कडवट होतो. मामांनी लंगोट खुंटीला टांगला आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरांना शिकवू लागले. त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भाग पहिल्याहून लांब आहे, आणि माझ्या मते मोठाही. त्याला प्रेक्षक मात्र नव्हते.

शहरातल्या वाचकांना तालीम बाहेरून माहीत असते : रस्त्यावरून जाताना येणारा तेलाचा नि ओल्या मातीचा वास आणि आतून येणारे हुंकार. आतला दिवस पहाटे चारला उजाडतो. आधी माती उकरायची. ती साधी माती नव्हे. चाळलेली तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. अंग खरचटले तर चिघळू नये, आणि पडणारा गडी दगडावर नव्हे, गादीवर पडल्यासारखा पडावा, म्हणून हा खटाटोप. मग शेकड्यांनी जोर आणि बैठका. मग लढती. त्यांत एकाच डावाची उजळणी इतक्या वेळा, की पाहणाऱ्याला कंटाळा यावा : पट काढ, सोड, पुन्हा काढ. मग थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी पोरांनी स्वतः दगडी कुंड्यात घोटायची. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. सुट्टी नाही, सिनेमा नाही, आणि लग्नाचा विषय तर नाहीच.

या सगळ्यात वस्ताद काय करतो? वरवर पाहिले तर काही नाही. तो बसून असतो. पण कुणी आज ताटात अर्धी भाकरी टाकली, कुणाला घरून पत्र आल्यापासून झोप नाही, कोण गुडघा लपवतो आहे, कुणाच्या बापाचे यंदा पीक गेले आणि खुराकाचे पैसे येणार नाहीत, हे सारे त्याच्या डोक्यात असते. खुराकाचे गणित संसारी माणसाला घाम फोडणारे. वाढत्या पैलवानाला रोज लिटराने दूध, तूप, बदाम, फळे, मटण लागते; आणि ही पोरे बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची. दोन एकर जमीन विकून बदाम पुरवणारे बाप मराठवाड्यात दुर्मिळ नाहीत. त्या बापाला वस्ताद काय लिहून देऊ शकतो? तुझा पोरगा पदक आणील असे कोणता शहाणा वस्ताद सांगेल?

इथे मला लातूरचीच दुसरी गोष्ट आठवते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात ठाऊक आहे. मुलगा दहावी झाला, की आईबाप त्याला लातूरला नेऊन खोलीवर ठेवतात, शिकवण्या लावतात. दोन वर्षांनी डॉक्टर-इंजिनियरच्या परीक्षेचा निकाल लागतो. यश न आले, तरी बारावीचे प्रमाणपत्र हातात राहते. त्याच जिल्ह्यातली दुसरी पोरे उलट दिशेने पुण्या-कोल्हापूरच्या तालमींत जाऊन दहा-दहा वर्षे राहिली. त्यांना गुणपत्रिका नाही. गुडघ्याचा सांधा एकदा निखळला, की दहा वर्षांचा अभ्यास पुसला गेला. या दुसऱ्या लातूर पॅटर्नवर कुणी लेख लिहीत नाही. तेव्हा हा एक!

मामांपुढे आणखी एक संकट होते, ते मातीचेच. आपली कुस्ती मातीतली, निकाली. पाठ टेकेपर्यंत लढायचे. अर्धा तास लागो की तास. जगाची कुस्ती गादीवरची, घड्याळावर चालणारी, गुणांची. मातीत पाय रुतवून दमाने लढणारा गडी गादीवर गेला, की पहिल्या मिनिटातच चार-सहा गुण गमावून बसतो. खाशाबा जाधवांना हे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उमगले. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी त्यांनी हेलसिंकीला जे कांस्यपदक मिळवले, त्याच्यामागे त्यांची मेहनत होतीच. पण राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, हेही होते. महाविद्यालयाच्या प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावे! आजच्या प्राचार्यांना हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवू इच्छितो.

मामांनी दोन्ही कुस्त्या स्वतः लढल्या होत्या : लातूरची मातीतली आणि एडिंबरोची गादीवरची. म्हणून त्यांच्या हाताखालची पोरे दोन्हीकडे टिकली. त्यांतला एक काका पवार, लातूर जिल्ह्यातलाच. तो तर ग्रीको-रोमन कुस्तीकडे वळला. या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा उपयोग करायचा नाही. पट काढण्यावर वाढलेल्या मराठी पैलवानाला असे सांगणे म्हणजे आचाऱ्याला चुलीविना स्वयंपाक करायला सांगण्यासारखे! काकाने त्यातच नाव काढले आणि १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळवला. नंतर तो स्वतः वस्ताद झाला. पुण्यात कात्रजला त्याने आपले कुस्ती संकुल उभे केले.

दुसरा राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. बाप पैलवान, त्याने पोराला शाळकरी वयातच मामांच्या स्वाधीन केले. राहुल अंगापिंडाने लहान, पण वीज. पुण्यात २००८ साली राष्ट्रकुल युवक क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांत त्याने सुवर्ण घेतले. २००९ आणि २०११ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य. मामांना आपल्या हातचे हे रोप वाढताना दिसत होते. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीबद्दल सरकारने २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला. खेळ सोडल्यावरही जे खेळासाठी झटतात त्यांचा हा गौरव. पण वस्तादाची भूक अशा पुरस्काराने भागत नाही. त्याला आपल्या पोराच्या गळ्यात काहीतरी पाहायचे असते.

ते पाहणे झाले नाही. १४ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मामा गेले.

राहुल तेव्हा विशीच्या आत होता. बाप हयात असताना पोरके होणे काय असते, ते तालमीत वाढलेल्या पोरांनाच कळेल. काका पवारांनी त्याला आपल्याकडे घेतले. गुरुबंधूच गुरू झाला. आणि मग सुरू झाली ती वाट पाहण्याची वर्षे. राहुल चांगला होता, हे सर्वांना मान्य होते. पण त्याच्या वजनगटात आणखीही चांगले होते, आणि भारतातून प्रत्येक गटात एकच जण जातो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची दारे त्याच्यासमोर बंद झाली, आणि त्या निवडीवरून बराच वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. पंचविशीतला पैलवान असा घरी बसतो, तेव्हा त्याला पुन्हा पहाटे चारला उठवणे हे काम कुणीतरी करावे लागते, एवढेच म्हणतो. ते काकांनी केले.

१२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातले गोल्ड कोस्ट शहर, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, ५७ किलो गटाची अंतिम लढत. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. झटापट सोपी नव्हती. गुण इकडून तिकडे पडत होते, दुखापतीची कळ राहुलच्या चेहऱ्यावर दिसत होती. शेवट १५-७. राहुलने तिरंगा खांद्यावर घेतला, आणि ते सुवर्णपदक कुणाला वाहिले? सात वर्षांपूर्वी गेलेल्या मामांना. एडिंबरो ते गोल्ड कोस्ट, गुरूच्या सुवर्णापासून शिष्याच्या सुवर्णापर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर होते.

आता बेळगाव आठवा. त्या मैदानात हरलेल्या सतपालने १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले आणि पुढे तोही वस्तादच झाला. दिल्लीच्या छत्रसाल मैदानात त्याने जो शिष्य घडवला, तो ऑलिंपिकमध्ये दोनदा पदक मिळवणारा सुशील कुमार. गोल्ड कोस्टला ७४ किलो गटात सुवर्ण घेतले ते या सुशीलने, आणि दिवस तोच, १२ एप्रिल! १९७७ साली बेळगावच्या मातीत एकमेकांना भिडलेल्या दोन गड्यांची पोरे एकाच दिवशी, एकाच गादीवर, एकाच ध्वजाखाली उभी राहिली. कादंबरीत असे कुणी लिहिले असते, तर संपादकांनी 'योगायोग फार' म्हणून परत पाठवले असते. सतपाल हे पाहायला होता. मामा नव्हते.

राहुलने २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले आणि पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. पण मला या गोष्टीचे शेवटचे चित्र सांगायचे आहे ते दुसरेच.

७ जानेवारी २०२०, पुण्याजवळचे बालेवाडी. महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. एका बाजूला नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर. दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही एकाच तालमीचे. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. रोज पहाटे ज्याच्याशी अंग घासले, ज्याच्या ताटातली भाकरी खाल्ली, त्याचेच मनगट आता हजारो लोकांसमोर पकडायचे. एकमेकांचा प्रत्येक डाव ठाऊक, चकवायचे कसे? लातूरकरांच्या मनात एकच हिशेब चालला होता : १९६९ साली लातूरच्या मातीत बिराजदारांनी जो मान मिळवला, तो त्यांच्या शिष्याच्या शिष्याकडून, लातूरच्याच पोराकडून, पुन्हा येतो का? आणि काका? दोन सख्ख्या लेकरांची कुस्ती पाहणाऱ्या बापाने कुणाच्या बाजूने श्वास रोखायचा?

शैलेश हरला. गर्दी उठली, लोक हर्षवर्धनकडे धावले. पण त्यांना उचलू देण्याआधीच हर्षवर्धन वळला, खाली वाकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतले. तसाच त्याला घेऊन तो मैदानात फिरला. दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसून मी ते पाहत होतो. नाना तेव्हा जवळच खुर्चीत बसले होते. त्यांना आता नीटसे दिसत नाही.

"कोण जिंकलं रे?" त्यांनी विचारले.

"खालचा," मी म्हणालो.